पाचवा पासपोर्ट

“ह्या बायकांस्नी साधा साबुदाना भिजवाय येत न्हाई, आन् म्हनं कॉम्प्युटर चालवत्यात,” मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या. खिचडीचं भलं मोठं पातेलं आम्ही दोघी गाडीच्या डिकीतून उतरवत होतो. त्यांचं तोंड माझ्या खांद्याला टेकलेलं, त्यामुळे ही तक्रार मला एकटीलाच ऐकू आली.

“कुणी भिजवला?”

“त्या क्षमानं. पानी किती घालावं काय सुमार? निस्ता गोळा झालाय. आता समदी म्हननार, मावशीची खिचडी चिकट.”

“मी सांगते ना सगळ्यांना, क्षमाने भिजवला म्हणून.”

“नगं. दोन जिवाची हाय ती. माझ्याच नावावर असू दे.”

पातेलं धरून आम्ही तिरक्या तिरक्या चालत शाळेच्या दाराशी आलो. दार पायाने ढकलता ढकलता मावशी म्हणाल्या, “रूपालीचा फोन आलता.”

रूपाली त्यांची एकुलती एक लेक, इचलकरंजीला दिलेली.

“काय म्हणते?”

“डिसेंबरचं दिस हायत. पयल्या खेपंला मी न्हवते, तर सासूनं धाव्या दिशी पान्याला धाडली तिला. आता म्हनती, आई, जगाची बाळंतपनं करतीस, माझं कवा करनार?”

मी पातेलं टेबलावर ठेवलं आणि घड्याळ बघितलं. “वर्गाला उशीर होतोय, मावशी,” म्हणाले आणि जिना चढले.

ही गोष्ट दोन हजार अकराच्या ऑक्टोबरातली. न्यू जर्सीत आमच्या मंडळाची मराठी शाळा दर रविवारी सकाळी भरायची, एका सरकारी शाळेची इमारत भाड्याने घेऊन. लहान मुलं खालच्या वर्गांत बाराखडी गिरवायची. पालक कॅफेटेरियात चहा पीत एकमेकांच्या ग्रीन कार्डांची विचारपूस करायचे, देशात लोक तब्येतीची करतात तशी. आणि वरच्या मजल्यावर विज्ञानाच्या खोलीत, पोट उघडलेल्या बेडकाच्या तक्त्याखाली उभी राहून, नववी ते अकरावीच्या नऊ मुलांना मी अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा शिकवायचे. मराठीतून.

मी वकील नाही. कराडला एफ.वाय. बी.कॉम.चे दोन विषय राहिले आणि माझं लग्न झालं. नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आले. त्या व्हिसावर बायकोला काम करायला बंदी होती, आणि काम करायची बंदी असलेल्या बाईकडे वेळ फार असतो. गावच्या लायब्ररीत बसून मी सरकारी फॉर्मांच्या सूचना वाचायला लागले, शेजारी डिक्शनरी ठेवून. इतर बायका कादंबऱ्या वाचायच्या, मी फॉर्म वाचायचे. शेवट गोड असेल याची खात्री दोन्हीकडे नव्हती. मग मंडळातल्या बायकांचे फोन यायला लागले. कुणाची तारीख हुकलेली, कुणाच्या नावात गोंधळ. मला ‘वकीलबाई’ म्हणायच्या. थोडं कौतुक, थोडी टिंगल.

मोठी मुलं बडबडगीतांना कंटाळून शाळेला येईनाशी झाली तेव्हा मीच सुचवलं, की त्यांना त्यांच्याच घरातली भानगड शिकवू या. कॉलेजच्या अर्जात लिहायला बरं, म्हणून कमिटीने लगेच होकार दिला.

आता मावशींचं सांगते. मावशींचा मुक्काम उल्का आणि विश्वास नाडगौडांकडे. तशा त्या सगळ्यांच्याच. उल्का नाडगौडाच्या धाकट्याचा, ओजसचा, जन्म व्हायचा होता तेव्हा उल्काच्या आईने कोल्हापूरहून येताना त्यांना बरोबर आणलं. सहा महिन्यांचा पाहुण्यांचा व्हिसा होता. सहा महिन्यांनी आई परत गेली, मावशी राहिल्या, कारण प्लेन्सबरोला कुणाचं तरी बाळंतपण होतं. मग एडिसनला जुळं होतं. मग ते थांबलंच नाही. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालावं ते मावशींनीच. बाळंतिणीला तेल, शेक, डिंकाचे लाडू, बाळाची जागरणं. एका घरातून दुसऱ्या घरी त्यांना पोचवण्याचं वेळापत्रक उल्का ठेवायची. माझ्या चिन्मयच्या वेळी पंचेचाळीस दिवस त्या माझ्याकडे होत्या. सत्तावीस बाळं आपल्या पायांवरून गेली, असं त्याच एकदा म्हणाल्या होत्या. समोर सगळे त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे आणि पाठ फिरली की ‘ती’.

आदल्या रविवारी वर्गात वाद झाला होता. निनाद नावाचा अकरावीतला मुलगा, पुण्यात जन्मलेला, चार वर्षांचा असताना इकडे आलेला, मला म्हणाला, “पण काकू, ते लोक कायदा तोडतात ना? माझ्या बाबांसारखं लाइनमध्ये उभं राहायला काय होतं त्यांना?”

“असं घरी कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

“बरं. ये इकडे. फळ्यावर लाइनी काढ. इंजिनिअरची काढ. हां. सिटिझनच्या भावाबहिणीची काढ. शाब्बास. आता भांडी घासणाऱ्या बाईची काढ.”

निनाद मार्कर हातात घेऊन उभा राहिला. “ती कुठे काढू?”

“एक आहे म्हणा, कागदावर. पण तिच्यासाठी मालकाने अर्ज करायला लागतो. तुमच्या ओळखीत कुणी मोलकरणीसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केलाय?”

मुलं हसली. मीही हसले.

“आणि तुझं सांगू का, निनाद? तुझ्या बाबांचा नंबर लागायच्या आत तू एकवीस वर्षांचा झालास, तर त्यांच्या लाइनीतून तुझं नाव गळतं. मग तू कोण?”

तो मार्करचं टोपण लावत बसला. मला त्याची दया आली, आणि थोडं बरंही वाटलं. मास्तरकीतलं हे सुख फारसं चांगलं नव्हे.

त्याच दिवशी मी त्यांना शिकवलं होतं, की कामावर ठेवलेल्या माणसाला अडकवून ठेवण्यासाठी त्याचा पासपोर्ट दाबून ठेवणं हा या देशात गुन्हा आहे. त्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. आणि माझा नेहमीचा नियम पुन्हा सांगितला, “कागद हातात असल्याशिवाय बोलायचं नाही.” मग गृहपाठ दिला. प्रत्येकाने घरची फाइल मागून घ्यायची आणि तिच्यात काय काय आहे त्याची यादी करून आणायची.

ही फाइल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी ती असते. पासपोर्ट, व्हिसाची पत्रं, लग्नाचा दाखला, जन्माचे दाखले, कंपनीची पत्रं, सगळं एका जाड फाइलीत. घरात आगीचा भोंगा वाजला की आधी फाइल उचलायची, मग मुलं. उल्काची फाइल तर मंडळात प्रसिद्ध होती. प्रत्येक माणसाला वेगळा रंग, वेगळा कप्पा, वर छापील पट्टी. नव्याने आलेल्या मुलींना ती नमुना म्हणून दाखवायची.

त्या रविवारी मुलं याद्या वाचायला लागली. एकाच्या घरी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. “पण आजोबा कधी इथे आलेच नाहीत!” तो म्हणाला. एकीच्या फाइलीत तिच्या आईची दहावीची मार्कलिस्ट होती. गणितात छत्तीस. वर्ग खूश झाला. मग ऋजुता उठली. ऋजुता नाडगौडा, उल्काची थोरली. पंधरा वर्षांची, उंच, दातांना तारा. वही छातीशी धरून वाचायला लागली.

“पहिला कप्पा बाबा. दुसरा आई. तिसरा मी. चौथा ओजस.” ती थांबली. “पासपोर्ट पाच.”

“तुम्ही तर चौघं आहात,” निनाद म्हणाला.

“पाचवा कप्पा मावशी. त्याला जांभळा रंग आहे. त्यात एक पासपोर्ट आहे, इंडियन. नाव, लीलाबाई दत्तात्रय खोचरे. आत एक पांढरं कार्ड स्टेपल केलंय. त्याच्यावर तारीख आहे, मे दोन हजार सहा.”

“लीलाबाई कोण?”

“मावशी. फोटो तिचाच आहे.”

“मावशीला नाव आहे?” मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसली.

मी हसले नाही. मीही ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. पंचेचाळीस दिवस माझ्या अंगाला तेल चोळलेल्या बाईचं नाव.

“छान,” मी म्हणाले. “आता पुढची यादी कुणाची?”

“काकू, थांब ना,” ऋजुता म्हणाली. इथली मुलं सगळ्यांना अरेतुरे करतात, त्यात उर्मटपणा नसतो. “त्या कार्डावरची तारीख म्हणजे तोपर्यंतच राहायचं, असं तू शिकवलंस. मग ती...”

“म्हण की,” निनाद म्हणाला. “इल्लीगल.”

“गप बस तू. ती आमच्या घरी राहते.”

“आणि तिचा पासपोर्ट तुझ्या आईकडे. काकू, मागच्या रविवारी तूच म्हणालीस ना, पासपोर्ट ठेवून घेणं गुन्हा आहे?”

नऊ तोंडं माझ्याकडे वळली.

“अडकवून ठेवण्यासाठी दाबला असेल तर,” मी म्हणाले. “कुणी विश्वासाने सांभाळायला दिला असेल तर नाही. उल्काकाकूने तो सांभाळून ठेवलाय.”

वाक्य कसं सफाईने निघालं. फी घेणाऱ्या वकिलालाही जमलं नसतं. ते माझ्याच घशातून बाहेर पडताना मी ऐकलं. पाठीशी बेडकाचा तक्ता, खालून खिचडीतल्या तुपाचा वास.

“मग तिला कुणी अडकवलं नाहीये तर ती जात का नाही?” ऋजुता म्हणाली. तिचा आवाज आता वेगळाच लागला. “ती लॉन्ड्री रूममध्ये जाऊन रडते, काकू. आधी ड्रायर सुरू करते, मग रडते. तिला वाटतं आम्हाला ऐकू येत नाही. ड्रायरमध्ये कपडे पण नसतात. मी आईला विचारलं. आई म्हणाली ते कॉम्प्लिकेटेड आहे, वैजूकाकूला विचार. म्हणून मी विचारतेय.”

“आपण पुढच्या रविवारी बोलू,” मी म्हणाले आणि वीस मिनिटं आधीच वर्ग सोडला.

कॅफेटेरियात सांडलेल्या, आंबलेल्या दुधाचा एक वास कायम असायचा. आठवडाभर त्या शाळेची मुलं तिथे दूध सांडायची आणि रविवारी आम्ही त्यावर वेलचीचा चहा उकळायचो. मावशी पलीकडच्या काउंटरमागे कागदी ताटल्यांत खिचडी वाढत होत्या. उल्का चहाच्या थर्मासपाशी होती, शेजारी क्षमा खुर्चीवर, पोटावर ताटली टेकवून. सातवा महिना तिचा.

“मावशींची खिचडी आज जरा चिकट झालीय, नाही?” क्षमा मला म्हणाली आणि आणखी एक चमचा तोंडात घातला.

मी उल्काला बाजूला घेतलं. “ऋजुताला फाइल का दिलीस?”

“अगं, तुझाच ना गृहपाठ! आणि माझ्या फाइलीत लपवण्यासारखं काय आहे? सगळं कसं कप्प्याकप्प्यात...” ती थांबली. कपाळाला हात लावला. “अगं बाई. पाचवा कप्पा.”

“तिने वर्गात वाचून दाखवलं.”

“सगळ्यांसमोर?” उल्काने इकडेतिकडे बघितलं आणि मग चक्क हसली. “जाऊ दे, मुलं आहेत. विसरतील.”

“उल्का, मावशींना घरी जायचंय.”

“माहितेय मला. दर वर्षी दिवाळीच्या आधी तिला हा झटका येतो.”

“लेकीचं बाळंतपण आहे.”

“आणि हिचं?” तिने हनुवटीने क्षमाकडे दाखवलं. “हिची पण डिसेंबरचीच तारीख आहे. मग फेब्रुवारीत ती नवीन मुलगी आहे, सोलापूरची. मी शब्द देऊन बसलेय सगळ्यांना.”

क्षमाने ऐकलं होतं. ताटली खाली ठेवून म्हणाली, “काकू, प्लीज, आत्ता नको ना काही. माझ्या आईचा व्हिसा दोनदा नाकारलाय. मला इथे कोण आहे?” तिचे डोळे भरून आले. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच कुणी नव्हतं. म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

“अडवलंय का आपण तिला?” उल्का हळू आवाजात म्हणाली. “दाराला कुलूप लावलंय? घरच्यासारखी राहते. स्वतंत्र खोली आहे, टीव्ही आहे. पैसे दर महिन्याला विश्वास स्वतः गावी पाठवतो. तिकडे काय आहे तिला? पत्रे गळतात घराचे.”

“मग तिला सांग, की जाता येतं म्हणून.”

उल्काने थर्मासचं झाकण फिरवून फिरवून घट्ट केलं. “दहा वर्षांचा नियम तूच सांगितला होतास मला, फोनवर. रूपालीच्या लग्नाच्या वेळी.”

“मी सांगितलं होतं, की गेलं तर दहा वर्षं परत येता येत नाही.”

“तेच मी तिला सांगितलं. दहा वर्षं म्हणून. तिने काय समजून घेतलं, ते मी काय करणार?”

“तिने काय समजून घेतलंय ते तुला ठाऊक आहे.”

“आणि तुला नाही?” उल्का म्हणाली. “माझ्याकडे ती राहते, मला बोल तू. पण तुझ्याकडेही होती की पंचेचाळीस दिवस. वकीलबाई तू. एवढा पुळका होता तर तेव्हा का नाही सांगितलंस?”

उल्काचा नवरा विश्वास एव्हाना हातात चहाचा कप घेऊन आमच्यापाशी येऊन उभा राहिला होता. मंडळाचा अध्यक्ष तो. “हे बघा, वहिनी,” तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “हा विषय इथे नको. उद्या कुणी तक्रार केली, तर तिच्याबरोबर आपल्या सगळ्यांचे अर्ज लटकतील. तुमचाही आहे ना अजून पेंडिंग?”

होता. माझं ग्रीन कार्ड यायला अजून दोन वर्षं होती. विश्वासच्या चहातून वेलचीचा वास येत होता, त्याच्या शर्टाला छान इस्त्री होती, ती कुणी केली तेही मला ठाऊक होतं.   मी म्हणाले, “बरं.” आणि चहाचा कप घेतला.

तेवढ्यात वरून मुलं आली. नेहमी ती धावत खिचडीवर तुटून पडायची. आज नऊच्या नऊ जण एका घोळक्यात आली. पुढे ऋजुता. ती आमच्याकडे आलीच नाही. तडक काउंटरपाशी गेली, पाठीवरची बॅग काढली आणि आतून एक निळा पासपोर्ट काढून ताटल्यांच्या चवडीशेजारी ठेवला.

“ऋजू!” उल्का ओरडली. “फाइलीतनं काढलास तू तो?”

“काकू म्हणते, कागद हातात असल्याशिवाय बोलायचं नाही,” ऋजुता म्हणाली. मागे वळलीसुद्धा नाही.

मावशींनी ॲप्रनला हात पुसले. पासपोर्ट उघडून लांब धरला, चष्मा नव्हता म्हणून. “आगं बया! ही मी व्हय? क्यास कसं काळंभोर हुतं बग की.” त्या हसल्या. मग पान उलटून ते पांढरं कार्ड बोटाने चाचपलं.

“मावशी, तू रूपालीताईकडे का नाही जात?” ऋजुताने विचारलं.

“आता कसं जायाचं, बाळा?”

“का नाही?”

मावशींनी आमच्याकडे बघितलं. लहान मुलीला भलतंसलतं कसं सांगायचं, असा त्यांचा चेहरा झाला. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “मुदत संपल्या न्हवं का माजी. इमानतळावर पकडत्यात. धा वर्सं आत घालत्यात. साठ सरली माजी, मी सुटायची कवा? हितं निदान फोनवर तरी बोलता येतंय लेकीसंगं.”

“कुणी सांगितलं तुला?”

मावशींनी उल्काकडे बघितलं. उल्काने थर्मासकडे. कॅफेटेरियात पंचवीसेक माणसं होती आणि चमच्यांचे आवाज एकेक करून बंद होत गेले. 

ऋजुता माझ्याकडे वळली. “काकू, दहा वर्षं जेल आहे?”

तिच्या मागे निनाद उभा होता. आदल्या आठवड्यात त्याला एकवीस वर्षांचा हिशेब सांगून गप्प करणारी मी, त्याच्याशी नजर मिळवू शकले नाही.

“नाही,” मी म्हणाले. “जेल नाही. गेलं की दहा वर्षं परत इकडे येता येत नाही. एवढंच आहे.”

“परत?” मावशी म्हणाल्या. “परत हितं? हितं कशाला यायचं मला परत?”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“जाताना कुणी पकडत नाही, मावशी,” मी म्हणाले. “काउंटरवर पासपोर्ट दाखवायचा. हे पांढरं कार्ड ते लोक काढून घेतात. आणि विमानात जाऊन बसायचं. तिकीट मिळालं तर उद्यासुद्धा.”

मावशींनी त्या कार्डावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “म्हंजी कायदा बदलला व्हय?”

आजही मला वाटतं, त्यांनी आम्हाला वाट करून दिली होती. चिकट खिचडी जशी स्वतःच्या नावावर घेतली, तशी. एक ‘हो’ पुरला असता.

“हो ना, मावशी,” उल्का पुढे झाली. “इथे सारखे नियम बदलत असतात. आम्हालाही आत्ताच कळतंय. आपण नीट चौकशी करू, विश्वास बघेल, क्षमाचं एवढं झालं की...”

“आई!” ऋजुता म्हणाली.

“कायदा बदललेला नाही,” मी म्हणाले. “पहिल्यापासून असाच आहे.”

मावशींनी पासपोर्ट मिटला. दोन्ही हातांत धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. आठवताना कपाळावर पडतात तशा आठ्या पडल्या होत्या.

“पर मी इचारलं हुतं की, वैनी, तुमास्नी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मोरीत. चिनूला पायावर घिऊन बसले हुते. तुमी तांब्या वतत हुता. मी म्हनलं, भायेर पडलं की धा वर्सं आत घालत्यात म्हनं, खरं हाय का? तुमी समदं वाचलंय, म्हनून इचारलं. तवा तुमी ‘हं’ म्हनलासा.”

चिन्मय आता सोळा वर्षांचा आहे. त्याच्या पाठीवरून ओघळणारं ते कोमट पाणी मला लख्ख आठवतं, आणि तो ‘हं’सुद्धा. तो चुकून गेला नव्हता. मी आधी विचार केला होता, मग म्हटलं होतं.

उल्का माझ्याकडे बघत होती. क्षमा पोटावर हात ठेवून बघत होती. विश्वास कप घेऊन उभा होता. सगळ्या बायका, ज्यांच्या ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या, बघत होत्या, आणि त्यातल्या कुणालाही मी काय बोलणार आहे हे नव्याने कळणार नव्हतं.

“म्हणाले मी ‘हं’,” मी म्हणाले. “ते खोटं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं, मावशी. पण तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून गेला असतात, आणि मग माझ्या बाळाला न्हाऊ कुणी घातलं असतं? म्हणून सांगितलं नाही. इथल्या कुणीच सांगितलं नाही, ते म्हणूनच.”